झडतीमामांची बाबागाडी

कापड कारखान्याच्या फाटकावर मामांनी उभा जन्म काढला, आणि तोही खरोखर उभ्यानेच. पाळी सुटली की कामगारांची रांग त्यांच्यासमोरून जायची. माणूस पुढे यायचा, दोन्ही हात वर करायचा, आणि मामांचे तळवे त्याच्या बगलेपासून कमरेपर्यंत सरसर फिरून खाली यायचे. तेवढ्यात त्यांना कळायचं. पोटाला गुंडाळलेलं कोरं कापड, मोज्यात सरकवलेली सुताची गुंडी, डब्याच्या तळाशी दडवलेली बॉबिन. कमरेला कापड असलं की माणूस ताठ चालतो, पायात काही असलं की टाच जपून टाकतो, आणि काहीच नसलं की उगाच हुज्जत घालतो, असे त्यांचे ठोकताळे होते. सगळे त्यांना झडतीमामा म्हणायचे. खरं नाव बहुधा त्यांच्या बायकोलाच ठाऊक असावं, आणि तीही 'अहो'वरच भागवायची.

विणखात्यात एक ताडमाड उंच कामगार होता, लंबू नावाचा. तो हात वर केल्याबरोबर खिदळायला लागायचा.

"मामा, हळू. गुदगुल्या होतात."

"ज्याच्या पोटात पाप असतं त्यालाच गुदगुल्या होतात."

"मग लहान पोरं काय सगळी चोर असतात?"

"चोरच असतात. पुढे चल."

पोरांबद्दल मामा बोलले ते अगदीच हवेत नव्हतं. कारखान्याचं स्वतःचं पाळणाघर होतं. कामाला बायका लांबलांबून आलेल्या, आणि संध्याकाळी प्रत्येक बाई पोराला आपापल्या रीतीने उचलून फाटकाशी यायची. कुणी कडेवर घेतलेलं. डोंगराकडच्या बायका पोर पाठीशी बांधायच्या, एवढं घट्ट की पोराचं डोकं तेवढं आईच्या खांद्यावरून डोकावायचं. नदीपलीकडच्या पोटाशी झोळी करायच्या. एक तर टोपलीत घालून डोक्यावरून न्यायची, आणि तिचं पोर कधी रडलेलं कुणी ऐकलं नव्हतं. बायकांची झडती घ्यायला एक बाई असायची, पण पोरं मामांच्या वाट्याला आली. झालं असं की एकदा एका तान्ह्याच्या दुपट्याखाली कोऱ्या कापडाचे वेढेच्या वेढे निघाले. साहेब म्हणाले, यापुढे पोरसुद्धा सुटता कामा नये. तेव्हापासून मामांनी शेकडो पोरं चाचपली. आई धरून ठेवायची, मामा दाबून बघायचे. उचललं मात्र एकही नाही. स्वतःचा मुलगा झाला तेव्हाही तसंच. तो मामींच्या कडेवर वाढला, आणि मामा त्याच्याकडे जरा अंतर राखून बघत राहिले, जणू तोही रांगेतूनच आला होता.

पुढे फाटकावर एक यंत्र आलं. माणूस त्याच्याखालून गेला की ते पीं करायचं. मामा घरी बसले, पण हात काही घरी बसेनात. बाजारातून आलेली पिशवी ते बाहेरूनच दाबून आत काय आहे ते ओळखायचे. पाहुणा चप्पल काढायला वाकला तर त्याच्या खिशांकडे बघायचे. मामी म्हणायच्या, "अहो, हे घर आहे, फाटक नाही." मामा म्हणायचे, "जिथे आत-बाहेर असतं तिथे फाटक असतंच."

मग नात झाली. मामी तिला गाठोडं म्हणायच्या, आणि तेच तिला चिकटलं. गाठोडं रांगायला लागलं तसं ते घरात प्रत्येकापाशी जाऊन दोन्ही हात वर करायचं, उचला म्हणून. मामांपाशी आलं की मामांचे हात आपसूक पुढे व्हायचे आणि सवयीने बगलेपासून कमरेपर्यंत फिरून यायचे. गाठोडं खदखदून हसायचं. मामा म्हणायचे, "काही नाही. जाऊ द्या." आणि गाठोडं खरंच पुढे मामींकडे जायचं. घरात सगळ्यांना याची गंमत वाटायची. उचलायचं काम आपलं नाही, असं मामांनीही धरून ठेवलं होतं.

सुनेचं माहेर लांबच्या शहरात होतं, रुंद फुटपाथांच्या आणि पोरांना घड्याळावर वाढवणाऱ्या माणसांच्या शहरात. सुनेची रजा संपत आली तेव्हा तिची आई मदतीला म्हणून आली. बरोबर एक बॅग आणि एक बाबागाडी. गाडीला जाड रबरी चाकं, वर छत्री, खाली सामानाची जाळी, आणि ढकलायचा दांडा खाचेत बसवून खालीवर करता यायचा. सगळं घर तिच्याभोवती जमलं. मामांनी मात्र पहिल्यांदा वाकून जाळी बघितली.

"खाली एवढी जागा कशाला?"

"सामान ठेवायला," विहीणबाई म्हणाल्या.

"कसलं सामान?"

"बाळाचं, व्याहीबुवा. दुसरं कसलं असणार?"

त्या गोड हसल्या. मामांना ते हसू आवडलं नाही. एवढी गोड हसणारी बाई फाटकातून सरळ गेल्याचं त्यांना आठवत नव्हतं.

त्या रात्री जेवताना ठिणगी पडलीच.

"आमच्याकडे बाळ गाडीतच असतं," विहीणबाई म्हणाल्या. "सारखं उचललं की सवय लागते."

"कसली सवय?"

"माणसांची हो."

"मग कुणाची लावायची?" मामा म्हणाले.

सून पाण्याचा पेला तोंडाला लावून हसली. विहीणबाई हसल्या नाहीत. "आपापलं झोपायची, आपापलं खेळायची सवय लागली पाहिजे. सगळा जन्म कडेवर थोडाच काढायचाय?"

मामांना चेव आला. "चाकावर भाजी जाते. आजारी माणूस जातो. धडधाकट पोर माणसाच्या अंगावर वाढतं. आमच्या घरात पोर चाकावर गेलेलं नाही आणि जाणार नाही. विचारा हिला. ह्या मुलाला एका हाताने कडेवर धरून दुसऱ्या हाताने अख्खं घर ओढलंय हिने."

सगळ्यांनी मामींकडे बघितलं. मामी डाव्या हाताने वाढत होत्या. "हो," एवढंच म्हणाल्या आणि आत गेल्या.

मुलाने मग दोन्ही बाजूंना हात दाखवून गप्प केलं. तो म्हणाला की बायकोची रजा संपली की बाळ दिवसभर कुणाकडे राहणार ते ठरवायला हवं. आईला जमलं तर इथेच राहू. नाही जमलं तर बायकोच्या कचेरीची शाखा विहीणबाईंच्या शहरात आहे, तिथे बदली मागायची आणि सगळ्यांनी तिकडे जायचं. "महिनाअखेर सांगू. तोवर भांडू नका."

सगळ्यांनी. तो एक शब्द मामांनी मनातल्या मनात चाचपून बघितला. म्हणजे मुलगा, सून आणि गाठोडं. घरात उरणार दोघं, आणि रिकामी कपाटं. ही गोड बाई नुसती गाडी घेऊन आलेली नाही, ती घरच उचलून न्यायला आलीय, हे मामांनी त्याच क्षणी ओळखलं. झडती घ्यायलाच हवी होती.

दुसऱ्या दिवसापासून मामा खिडकीत बसायला लागले. मुलगा आणि सून आपापल्या कामांना बाहेर पडले की विहीणबाई गाठोड्याला गाडीत घालून फिरायला निघायच्या. त्या गेल्या की थोड्या वेळाने मामी पिशवी घेऊन भाजीला जायच्या. पूर्वी मामी दिवसाआड जायच्या, आता रोज. मामांनी त्याचा अर्थ लावला तो असा की विहीणबाई डोळ्यासमोर नकोत म्हणून बिचारी बाहेर पडते. घरात दोघी एकमेकींशी जेवढ्यास तेवढं बोलायच्या. मामींचं वागणंही बदललं होतं. वरच्या फळीवरचे डबे त्यांनी खालच्या फळीवर आणले. का, तर म्हणे वर मुंग्या होतात. मामांनी स्टुलावर चढून वरची फळी चाचपून बघितली. मुंगी नव्हती, आणि दडवलेलंही काही नव्हतं. विहिणीच्या रागाने हिचं डोकं फिरलंय, असं म्हणून ते खाली उतरले.

विहीणबाईंच्या बाबतीत मात्र पुरावे साचायला लागले. पहिला पुरावा लाळेचा. गाडीत बसून गेलेलं, गाडीत बसून आलेलं बाळ, आणि लाळेचा ओला डाग विहीणबाईंच्या खांद्यावर. खांद्यावर लाळ पडायला पोर खांद्यावर असायला लागतं. मामा मनातल्या मनात हसले. म्हणजे गाठोडं गाडीत टिकत नाही, बाईंना ते उचलून घ्यावं लागतं, आणि घरी येताना कोपऱ्यावर त्या त्याला पुन्हा गाडीत ठेवतात. तत्त्वज्ञान आमच्यासाठी, खांदा गुपचूप.

पण दुसऱ्या पुराव्याने घोटाळा केला. तो पुरावा दांड्याचा. विहीणबाई उंच, म्हणून निघताना गाडीचा दांडा वरच्या खाचेत असायचा. परत येताना तो दोन खाचा खाली. एकदा नाही, रोज. म्हणजे वाटेत कुणीतरी बुटकं माणूस गाडी ढकलत होतं.

कुणीतरी पोरगी ठेवलीय ह्या बाईने. गाठोडं अनोळखी हातात देऊन स्वतः कुठेतरी बसत असेल.

दुपारी विहीणबाई आडव्या झाल्या तेव्हा मामांनी गाडीची रीतसर झडती घेतली. छत्रीची घडी, गादीची शिवण, चाकांमागची पोकळी. जाळीत दुपट्यांच्या खाली त्यांच्या हाताला कापड लागलं. ओढून काढलं तर घरचीच जुनी सुती चादर, धुऊन धुऊन लोण्यासारखी झालेली. मामींनी मुलाला झोळीत घ्यायला वापरलेली. तिच्या दोन टोकांना ताज्या गाठींच्या चुण्या होत्या.

ते चादर घेऊन स्वयंपाकघरात गेले. "ही बाईंच्या गाडीत कशी?"

मामी हातातलं काम न थांबवता म्हणाल्या, "मीच दिली. पुसायला."

"काय पुसायला?"

"बाळ असलं की पुसायला हजार गोष्टी असतात. तुम्हाला कशा माहीत असणार?"

"ह्याला गाठी कुणी मारल्या?"

"अहो, आता चादरीचीही चौकशी लावणार का? ठेवा ती होती तिथे."

मामांनी ती होती तिथे ठेवली, घडीवर घडी येईल अशी. माल सापडला तरी तो तिथेच सोडायचा आणि माणसाला मालासकट धरायचं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. मामी भोळी आहे, तिला ह्या बाईने गोड बोलून गुंडाळलंय, एवढं त्यांच्या लक्षात आलं. बाकीचं ते स्वतः बघणार होते.

दुसऱ्या दिवशी विहीणबाई निघाल्या, आणि मामा मागच्या दाराने निघून गल्लीच्या तोंडाशी लोहाराच्या दुकानाआड जाऊन उभे राहिले. गाडी त्यांच्यासमोरून गेली. दांडा वरच्या खाचेत. गाठोडं छत्रीखाली हातपाय हलवत होतं. विहीणबाई सरळ बागेकडे जातील असं वाटलं होतं, पण त्या उजवीकडे वळल्या, बेकरीच्या मागच्या उताराने. तिथे फुटपाथ उखडलेला. जाड चाकंही खडखडायला लागली. फिरायला येणारं माणूस ह्या रस्त्याला येणार नाही, येईल तर काहीतरी करायलाच येईल. मामा भिंतीच्या कडेकडेने मागे निघाले. फाटकावर चोर समोरून यायचा, त्याच्या मागे जायची सवय नव्हती.

उतार संपला तिथे कारखान्याची मागची भिंत होती, आणि भिंतीला लागून जुनं पाळणाघर. आता ते बंद, पण बाहेरचा ओटा आणि त्यावरचं छप्पर शाबूत होतं. विहीणबाईंनी गाडी ओट्याशी लावली आणि रस्त्याकडे बघत थांबल्या. मामा टाकून दिलेल्या सिमेंटच्या पाइपाआड बसले. आता पोरगी येणार. कशी असेल, किती बुटकी असेल, तिला काय बोलायचं, हे सगळं त्यांनी मनात जुळवलं.

पलीकडच्या बोळातून मामी आल्या. हातात रिकामी पिशवी.

मामांना पहिल्यांदा वाटलं की आपल्यासारखाच हिलाही संशय आला आणि ही पण मागावर आली. त्यांना बायकोचा अभिमान वाटला. पण मामींनी पिशवी गाडीला अडकवली, जाळीतून चादर ओढली आणि म्हणाल्या, "वळा बघू."

विहीणबाई वळल्या. त्यांनी गाठोड्याला उचलून आपल्या खांद्यावर घेतलं. मामींनी डाव्या हाताने चादर त्यांच्या पाठीवरून फिरवली, एक टोक दातांत धरलं, आणि गाठ मारली.

"श्वास घ्या. अडतंय?"

"नाही."

"आता सोडा हात. सोडा हो, पडत नाही ती."

विहीणबाईंनी हात सोडले. गाठोडं त्यांच्या अंगाला चिकटून राहिलं आणि गाल खांद्यावर टेकून लाळ गाळायला लागलं. मामींनी दांडा दोन खाचा खाली केला, उजवं कोपर त्यावर टेकवलं आणि रिकामी गाडी ढकलत भिंतीच्या सावलीतून निघाल्या. बरोबर विहीणबाई. दोघी पाइपाच्या एवढ्या जवळून गेल्या की मामांनी पाय पोटाशी घेतले.

"माझ्या मुलीला मी असं कधी घेतलंच नाही," विहीणबाई म्हणत होत्या. "घड्याळ लावून दूध, घड्याळ लावून झोप. रडली तर दार लावून घ्यायचं. ती पलीकडे रडायची, मी अलीकडे."

"आणि मी कधी खाली ठेवलाच नाही. झाडताना कडेवर, दळताना कडेवर. सासू म्हणायची, पोर आहे की दागिना? बघा आता, दागिन्याने खांदा खाल्ला."

"आज कसा आहे?"

"हात वरच होत नाही. इथवर येतो, की सुरी फिरते. केस विंचरायचे तर मान खाली आणावी लागते. हिला उचलून किती दिवस झाले, ते माझं मला ठाऊक."

"घरी सांगा की."

"सांगून? खांदा गेला म्हटलं की बाळ तुमच्याकडे."

विहीणबाईंनी चादरीवरून गाठोड्याची पाठ थोपटली. मग म्हणाल्या, "खोटं कशाला बोलू, मला हवीच आहे ती माझ्याकडे. पण तुम्ही पडून मिळालेली नकोय."

"गाडी तर ढकलता येते मला. घरातूनच ढकलीन, म्हटलं असतं यांना. पण यांनी दवंडी पिटून ठेवलीय ना, आमच्या घरात पोर चाकावर जात नाही म्हणून. तेही माझ्या खांद्याच्या जोरावर."

"त्यांना खरंच काही कळलं नसेल? काल चादर धरली की हो त्यांनी."

"चादर धरली. मला विचारलं आणि मी सांगितलं ते ऐकून गेले." मामी हसल्या. "फळी चाचपून आले स्टुलावर चढून. मी डबे खाली का आणले ते नाही आलं डोक्यात. मुंग्या शोधत होते."

दोघी हसत पुढे गेल्या. चाकांची खडखड लांब गेली. मामा पाइपाआडून उठले नाहीत. आपण एका बाईला मालासकट धरायला आलो होतो आणि माल आपल्याच घरचा निघाला, इतकं त्यांना समजलं. उभा जन्म त्यांनी माणसांना 'हात वर' म्हटलं होतं. घरातल्या एका माणसाचा हात वर होत नव्हता, आणि ते खिडकीत बसून दुसऱ्याच्या खांद्यावरची लाळ बघत होते.

तरी संशय ही अशी चीज आहे की ती शेवटपर्यंत पुरावा मागते. घरी आल्यावर, मामी भाजी निवडत असताना, मामा म्हणाले, "अगं, तो खुंटीवरचा माझा टॉवेल दे जरा."

मामींचा उजवा हात वर निघाला, छातीपर्यंत आला आणि थांबला. मग त्या डाव्या हाताने भाजी सावरत म्हणाल्या, "तुम्हीच घ्या. तुमच्या हाताशी आहे."

मामांनी टॉवेल घेतला आणि तोंड पुसलं, जरा जास्त वेळ.

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. फाटकावर नियम सोपा होता. सापडलं की कचेरीत कळवायचं, पुढचं साहेब बघतील. इथे कळवलं तर घर रिकामं. न कळवावं तर मामी एक दिवस लाजेखातर सगळ्यांसमोर बाळ उचलायला जाणार आणि दोघी पडणार. मामा रात्री कूस बदलून मामींच्या खांद्याकडे बघायचे. त्या नेहमी डाव्या कुशीवर झोपायच्या. हेही कधीपासून, हे त्यांना सांगता आलं नसतं.

महिनाअखेर आली. जेवणं झाल्यावर मुलाने विषय काढला. गाठोडं जमिनीवर एका डब्याचं झाकण वाजवत बसलं होतं.

"आई, तुला जमेल ना? स्पष्ट सांग."

"न जमायला काय झालं?" मामी म्हणाल्या. "तुला नाही वाढवला?"

"तेव्हाची गोष्ट वेगळी, आई," सून म्हणाली. "ती आता केवढी जड झालीय. दिवसभर उचलायचं म्हणजे."

"उचलीन की."

विहीणबाई हातातल्या रुमालाच्या घड्या घालत होत्या. मामांनी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी एक शब्द बोलायचा अवकाश, बाळ त्यांचं होणार होतं. त्या बोलल्या नाहीत. रुमाल उलगडून पुन्हा घडी घालायला लागल्या. फाटकातून सरळ जाणारं माणूस मामांना इतक्या उशिरा कधी ओळखू आलं नव्हतं.

"चल, दाखव उचलून," मुलगा हसत म्हणाला. थट्टाच होती.

मामी उठल्या. मामांच्या तोंडून शब्द आला तो फाटकावरच्या आवाजात. "थांब."

सगळे दचकले.

"हिचा हात वर होत नाही," मामा म्हणाले. "उजवा. टॉवेलसुद्धा काढता येत नाही. तिने उचलायचं नाही."

मामींचा चेहरा लाल झाला.

"तुम्ही माझ्या मागावर होतात?"

"विहीणबाईंच्या मागावर होतो."

"म्हणजे माझ्याच की. आणि कळवलंत. अगदी साहेबांना कळवल्यासारखं."

मुलगा एकदा आईकडे, एकदा बायकोकडे बघत होता, आणि त्याच्या तोंडावर बदलीचा अर्ज दिसायला लागला होता. तेवढ्यात गाठोड्याला झाकणाचा कंटाळा आला. ते रांगत मामांपाशी आलं, त्यांच्या गुडघ्याला धरून उभं राहिलं आणि दोन्ही हात वर केले.

मामांचे हात सवयीने पुढे गेले. बगलेपासून कमरेपर्यंत आले. गाठोडं खदखदलं आणि सवयीने मामींकडे वळायला लागलं. पण ह्या वेळी हात कमरेपाशी सुटलेच नाहीत. ते तिथेच राहिले, आणि मग कारखान्यातली जड पेटी उचलावी तसे गुडघे वाकवून, दात ओठात रुतवून, मामांनी तिला वर घेतलं. धरली चुकीची. एक पाय त्यांच्या खिशात गेला, डोकं हनुवटीवर आपटलं. गाठोडं रडावं की हसावं ह्या विचारात पडलं.

"बाबा, मानेखाली हात," सून अर्धी उठून म्हणाली.

"मान तिने केव्हाच धरलीय," विहीणबाई म्हणाल्या. "कमरेखाली घ्या, व्याहीबुवा. हां. अंगाशी घ्या."

"उचलायला मी आहे," मामा म्हणाले. आवाज फाटकावरचा राहिला नव्हता. "बाकी सगळं हिला येतं. आणि ती गाडी इथेच राहू द्या. लांब जायचं तर मी ढकलीन."

"तुम्ही? चाकावर?" मुलगा म्हणाला.

"चाकावर."

मामी अजून रागातच होत्या. "पोर कधी उचललंय का आयुष्यात? शी केली की कळेल."

"कळू दे."

निर्णय काही टाळ्या वाजाव्यात असा झाला नाही. मुलगा म्हणाला, बदलीचं तूर्त लांबवू, बघू कसं जमतं ते. सून म्हणाली, आधी आईंचा खांदा डॉक्टरला दाखवायचा. विहीणबाई म्हणाल्या की व्याहीबुवांचा हात बसेपर्यंत त्या राहतील, आणि त्यात त्यांचा स्वतःचा काय लोभ होता ते मामींना ठाऊक होतं आणि आता मामांनाही. मामी मात्र आठवडाभर मामांशी विहीणबाईंच्या मार्फतच बोलल्या. "त्यांना सांगा, दूध कोमट हवं." मामा समोरच असायचे.

काही दिवसांनी मामा पहिल्यांदा एकटे गाडी घेऊन बाहेर पडले. दांडा मधल्या खाचेत. बेकरीपाशी चहाच्या टपरीवर नेमका लंबू बसला होता, आता म्हातारा झालेला, पण उंची तेवढीच. बरोबर विणखात्यातले दोघं-तिघं.

"अरे, फाटक आलं बघा चालत."

"चाकं लागलीत फाटकाला."

लंबू उठला आणि रस्त्यात आडवा उभा राहिला. "मामा, हात वर."

"सर बाजूला."

"साहेबांचा हुकूम आहे. पोरसुद्धा सुटता कामा नये. हात वर."

टपरीवरचे सगळे बघत होते. मामांनी इकडे तिकडे बघितलं आणि सावकाश दोन्ही हात वर केले. गाडीतल्या गाठोड्याने ते बघितलं आणि तेही हात वर करून बसलं. लंबूने मामांना बगलेपासून कमरेपर्यंत चाचपलं. मामा घट्ट उभे राहिले, पण कमरेपाशी त्यांना हसू फुटलंच.

"बघा, बघा. पोटात पाप आहे." लंबू वाकला, गाडीच्या जाळीत हात घातला आणि लोण्यासारखी मऊ चादर बाहेर ओढली. टोकांना गाठींच्या चुण्या होत्या. "ही कशाला?"

"पुसायला," मामा म्हणाले.

"आणि मामा, खांद्यावर हा ओला डाग कसला?"

मामांनी चादर त्याच्या हातातून घेतली, घडी घालून जाळीत ठेवली आणि गाडी पुढे काढली. बागेचा रस्ता सोडून ते उजवीकडे, जुन्या पाळणाघराच्या उताराला वळले. लंबू बराच वेळ त्यांच्या पाठीकडे बघत राहिला. त्या रस्त्याला फिरायला कुणी जात नाही, हे त्यालाही माहीत होतं.